दोन वस्तू, ठरावीक पैसे: सीमांत उपयोगिता समान केली तरी उत्तर चुकतंय

पेपर_जवळ_आलाय
एक गणित दोन दिवस डोकं खातंय म्हणून इथे टाकतोय. कोणी आधी विचारलं असेल तर माफ करा, शोधलं पण सापडलं नाही.

हातात २४ नाणी आहेत. क्ष वस्तूची किंमत नगाला २ नाणी, य ची ४ नाणी. सीमांत उपयोगिता (म्हणजे एक नग वाढवल्यावर मिळणारं जास्तीचं समाधान) दिलीय, पहिल्या नगापासून ओळीने:

क्ष: ४४, ४०, ३६, ३२, २८, २४, २०, १६
य: ६४, ५६, ४८, ३२, २४, १६

जास्तीत जास्त समाधान मिळायला किती क्ष आणि किती य घ्यायचे?

मी वर्गात शिकवलं तेच केलं, समसीमांत उपयोगितेचा नियम म्हणजे दोन्हीकडची सीमांत उपयोगिता समान करायची ना, मग बघितलं तर चौथा क्ष ३२ आणि चौथा य पण ३२. खर्च ८ अधिक १६ म्हणजे २४, पैसे बरोब्बर संपले. इतकं छान जुळलं की वाटलं गणित बनवणाऱ्यानेच मुद्दाम जुळवून दिलंय. आणि मागे उत्तर काय तर ६ क्ष, ३ य!! तिथे तर क्ष ची सीमांत उपयोगिता २४ आहे आणि य ची ४८, समान कुठंयत? ही छपाईची चूक आहे की मीच काहीतरी चुकतोय?

शेवटचं_नाणं
छपाईची चूक नाही, आणि जुळवून दिलंय हे तुझं खरंय, फक्त तू अडकावंस म्हणून जुळवलंय :)

नियम थोडा बाजूला ठेव आणि असं समज की तू ४ क्ष ४ य घेऊन उभा आहेस आणि वस्तू त्याच भावात परत करता येतात. आता चौथा य परत कर. गेले ३२. पण हातात काय आलं? ४ नाणी. त्या ४ नाण्यांत दोन क्ष येतात, एक नाही. पाचवा क्ष २८ देतो, सहावा २४, मिळून ५२. म्हणजे ३२ देऊन ५२ घेतले, निव्वळ २० चा फायदा आणि खिशाला एका नाण्याचाही फरक नाही. मग ४-४ ला कमाल समाधान कसं म्हणायचं?

आता अजून एकदा तेच करून बघ. तिसरा य परत केला तर ४८ गेले, सातवा आणि आठवा क्ष आले २० अधिक १६ म्हणजे ३६. तोटा. उलट दिशेला पण तोटाच आहे. म्हणून ६ क्ष ३ य पाशी थांबायचं. एकूण बेरीज मारून ताळा करून बघ, ४-४ ला १५२ अधिक २०० म्हणजे ३५२ येते आणि ६-३ ला २०४ अधिक १६८ म्हणजे ३७२.

तू नगाची तुलना नगाशी केलीस. पण तू खर्च करतोयस ती नाणी, नग नाही, तेव्हा तुलना नाण्याची नाण्याशी व्हायला हवी. सहाव्या क्ष वरच्या प्रत्येक नाण्याला २४ भागिले २ म्हणजे १२, तिसऱ्या य वरच्या प्रत्येक नाण्याला ४८ भागिले ४, परत १२. हे बघ झाले समान. नियमात जे समान करायचं असतं ते हे.

पेपर_जवळ_आलाय
अरे देवा. म्हणजे आधी किमतीने भागायचं आणि मग बघायचं.

पण मग वर्गात केलेली पहिली दोन गणितं मी न भागताच सोडवली होती आणि उत्तरं बरोबर आली होती, ते कसं काय?

शेवटचं_नाणं
त्या गणितांत दोन्ही वस्तूंची किंमत सारखी असणार, जाऊन बघ. किंमत सारखी असली की भागलं काय नि न भागलं काय, समानता तीच राहते. सोपं पडावं म्हणून पहिलं उदाहरण सगळीकडे तसंच देतात आणि मग मुलांच्या डोक्यात "सीमांत उपयोगिता समान" एवढंच बसतं, भागाकार गळून जातो. दरवर्षीची रड आहे ही.

पेपर_जवळ_आलाय
बघितलं, दोन्हीची किंमत १ होती 🤦

सरळमार्गी
एवढी डोकेफोड कशाला करताय राव. उत्तर बघा ना नीट, ६ क्ष म्हणजे १२ नाणी, ३ य म्हणजे पण १२ नाणी. निम्मे पैसे इकडे निम्मे तिकडे. मी कायम असंच सोडवायचो, दहातल्या सात वेळा तरी बरोबर यायचं. पेपरात वेळ वाचतो.

वक्रबुद्धी
@सरळमार्गी हे ऐकून कोणीतरी खरंच पेपरात असं लिहून येईल म्हणून सांगतो, इथे निम्मं-निम्मं आलं हा योगायोग आहे. तक्ता तोच ठेवा, किमती त्याच ठेवा, फक्त नाणी २४ ऐवजी १८ करा. दर नाण्यामागे सगळ्यात जास्त कुठे मिळतंय ते बघत एकेक नग उचलत गेलात तर ५ क्ष आणि २ य येतात, दोन्हीकडे नाण्याला १४. खर्च १० आणि ८. नाणी १२ केली तर ४ क्ष आणि १ य, दोन्हीकडे नाण्याला १६, खर्च ८ आणि ४. कुठंय निम्मं?

आता दहातल्या सात वेळा बरोबर का यायचं त्याचं कारण सांगतो, कारण हा अंदाज अगदीच हवेतला नाहीये. पुस्तकात उपयोगिता बऱ्याचदा क्ष गुणिले य अशी दिलेली असते, सोपं फलन (म्हणजे सूत्र) म्हणून. त्या फलनाला खरोखरच निम्मे पैसे क्ष वर आणि निम्मे य वर हेच उत्तर येतं, किमती काहीही असोत. याच गणितात घालून बघा, ६ गुणिले ३ म्हणजे १८, ४ गुणिले ४ म्हणजे १६, ८ गुणिले २ म्हणजे परत १६. पण फलनात क्ष चा वर्ग गुणिले य असं असलं की वाटणी दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश होते, म्हणजे २४ नाण्यांत ८ क्ष आणि २ य. तेव्हा निम्मं-निम्मं हा ग्राहकाचा नियम नाही, तो त्या एका आवडीचा स्वभाव आहे.

सरळमार्गी
बरं बाबा मान्य. पण माझी युक्ती अगदीच टाकाऊ नव्हती एवढं तरी लिहा :)

शंकासुर
मी अर्थशास्त्राचा नाही, इंजिनिअर आहे, वाचताना एक खटकलं. हे ४४, ४०, ३६ मोजलं कोणी? कशात मोजलं? लांबी मीटरमध्ये, वजन किलोत, समाधान कशात? आणि एका माणसाला पहिल्या क्ष चे ४४ मिळाले म्हणजे नेमकं काय मिळालं? पायाच असा भुसभुशीत असेल तर त्यावर नाण्यामागे १२ वगैरे दशांशापर्यंत हिशोब करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं नाही का?

खडू_आणि_डस्टर
शंकासुर, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि जुनाही आहे. बरीच वर्षं हा विषय शिकवलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

नाण्यामागची उपयोगिता समान करायची ही कल्पना हर्मन हाइनरिख गोसेन नावाच्या जर्मन माणसाने १८५४ मध्ये पुस्तकात मांडली. पुस्तक कोणी घेतलंच नाही, वैतागून त्याने उरलेल्या प्रती बाजारातून काढून घ्यायला लावल्या आणि १८५८ मध्ये तो गेला. नंतर १८७१ मध्ये जेव्हन्सने इंग्लंडमध्ये जवळपास तोच विचार स्वतंत्रपणे मांडला, आणि पुढे गोसेनचं पुस्तक हाती लागल्यावर हे माझ्या आधी याने सांगितलंय असं स्वतःच कबूल केलं. मला हा प्रसंग फार आवडतो, पण ते असो. या सगळ्यांच्या डोक्यात उपयोगिता हे खरंखुरं मोजता येणारं प्रमाण होतं, निदान तत्त्वतः तरी. तुमचा आक्षेप त्या काळाला पूर्ण लागू होतो.

पुढे एजवर्थने १८८१ मध्ये समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणारे संच जोडणाऱ्या रेषा) आणले, पारेटोने ते वापरून दाखवलं की मोजमापाची गरजच नाही, आणि १९३४ मध्ये हिक्स आणि अ‍ॅलन यांनी सगळी मांडणी त्या पायावर नव्याने केली. त्यांचं म्हणणं एवढंच की ग्राहकाला फक्त क्रम लावता आला पाहिजे. हा संच मला त्या संचापेक्षा जास्त आवडतो, किंवा कमी, किंवा दोन्ही सारखेच. कितीने जास्त, हे विचारायचंच नाही.

तुम्ही डोंगराचा नकाशा बघितला असेल, त्यावर समोच्च रेषा असतात. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीवर. समवृत्ती वक्र म्हणजे नेमक्या त्याच रेषा, फक्त नकाशावर उंचीचे आकडे खोडून टाकलेत आणि आतली रेषा बाहेरच्या रेषेपेक्षा वर आहे एवढंच कळतंय. आता या डोंगरावरून एक सरळ कुंपण गेलंय आणि कुंपणापलीकडे तुम्हाला जाता येत नाही, ते कुंपण म्हणजे बजेट रेषा, हातातल्या पैशांची मर्यादा. कुंपणाच्या कडेने चालत असताना जोवर तुम्ही समोच्च रेषा ओलांडताय तोवर तुम्ही चढताय किंवा उतरताय. जिथे कुंपण एखाद्या रेषेला ओलांडत नाही, नुसतं घासून जातं, तिथे तुम्ही कुंपणावरच्या सगळ्यात उंच जागी असता. हा स्पर्शबिंदू शोधायला उंची किती मीटर हे कळायची गरज पडली का? नाही पडली.

आकडे हवे असतील तर वक्रबुद्धींचं क्ष गुणिले य घ्या. ४-४ वर उभं असताना हा ग्राहक एका क्ष साठी एक य सोडायला तयार असतो (अगदी बारीक बदलाचं बोलतोय, अख्ख्या नगाचं नाही). यालाच सीमांत पर्यायता दर म्हणतात. बाजारात मात्र एका क्ष साठी अर्धाच य सोडावा लागतो, कारण किमती २ आणि ४. मी एक द्यायला तयार, बाजार मागतोय अर्धा, मग मी अदलाबदल करतच राहणार. ६-३ ला पोचल्यावर माझी तयारी पण अर्ध्यावर येते आणि अदलाबदल थांबते. आता त्या फलनाचा वर्ग करा, दुप्पट करून शंभर मिळवा, काहीही करा, फक्त क्रम बिघडू देऊ नका. सीमांत उपयोगितेचे सगळे आकडे बदलतील, पण त्यांचं एकमेकांशी गुणोत्तर तेच राहील आणि उत्तरही ६-३ च राहील. तेव्हा ४४ ला अर्थ नाही हे तुमचं बरोबर, पण गुणोत्तराला आहे, कारण ते माणसाला विचारता येतं की एका क्ष साठी किती य सोडशील.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक बारीक गोष्ट जाता जाता. क्ष गुणिले य मध्ये य तेवढाच ठेवून क्ष वाढवत नेला तर क्ष ची सीमांत उपयोगिता कमी होत नाही, आहे तेवढीच राहते. तरी उत्तर मधलंच येतं. म्हणजे घटत्या सीमांत उपयोगितेशिवाय गाडी चालतच नाही असं जे घोकून घेतलं जातं ते तितकंसं खरं नाही. घटावा लागतो तो सीमांत पर्यायता दर.

शंकासुर
डोंगराचं पटलं. उंची नको, उतार कुठल्या दिशेला आहे ते पुरतं, असं म्हणताय. हे आमच्याकडे पण चालतं. धन्यवाद सर.

पेपर_जवळ_आलाय
सर शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला, आत्ता कुठे कळला. नोट्समध्ये उलटंच लिहून दिलंय आम्हाला.

अजून एक विचारतो, नाण्यामागची उपयोगिता दोन्हीकडे समान व्हायलाच पाहिजे का? कधी झालीच नाही तर? मागच्या पेपरात एक होतं, उपयोगिता = ३क्ष + ४य, किमती याच २ आणि ४. मी समान करत बसलो, होईचना, शेवटी सोडून दिलं.

शेवटचं_नाणं
होणारच नाही. क्ष वर नाण्याला दीड मिळतंय, य वर एक, आणि कितीही घेतले तरी हे आकडे हलत नाहीत, कारण इथे दोन वस्तू एकमेकींच्या पूर्ण पर्यायी आहेत. मग य घ्यायचाच कशाला? सगळी २४ नाणी क्ष वर लाव, १२ क्ष आणि शून्य य, उपयोगिता ३६. सगळी य वर लावलीस तर सहा य, २४ च. याला कोपऱ्यातलं उत्तर म्हणतात. इथे समान हवं ही अट निघून जाते, जी वस्तू घेतलीच नाही तिची नाण्यामागची उपयोगिता घेतलेल्या वस्तूपेक्षा जास्त नसावी एवढंच बघायचं.

खरं तर आयुष्यातली बहुतेक उत्तरं अशीच असतात. दुकानात हजारो वस्तू आहेत आणि त्यातल्या नऊशे नव्व्याण्णव आपण शून्य नग घेतो.

बाकावरची_शेवटची
आणि बुटांचं विसरू नका. डावा बूट आणि उजवा बूट. ५ डावे ५ उजवे असताना सहावा डावा मिळून फायदा काय, शून्य. इथे वक्र काटकोनात वळतो, त्या कोपऱ्यावर उतारच काढता येत नाही, म्हणून किमतीने भागत बसू नका, सरळ जोड्या मोजा. जोडीची किंमत किती आणि पैशात किती जोड्या बसतात. माझे यात चार मार्क गेलेत म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

वक्रबुद्धी
चला, आता मी सगळ्यांना घाबरवणारं उदाहरण टाकतो. उपयोगिता = क्ष चा वर्ग + य चा वर्ग. किमती त्याच, नाणी २४. @पेपर_जवळ_आलाय सोडव बघू, समान करून.

पेपर_जवळ_आलाय
क्ष ची सीमांत उपयोगिता २क्ष, भागिले २ म्हणजे क्ष. य ची २य, भागिले ४ म्हणजे य चा अर्धा. समान केलं तर य = २क्ष. बजेटमध्ये घातलं, २क्ष + ८क्ष = २४, क्ष = २.४, य = ४.८. उपयोगिता ५.७६ + २३.०४ = २८.८. बरोबर?

वक्रबुद्धी
आकडेमोड अगदी बरोबर. आता १२ क्ष आणि शून्य य घालून बघ.

पेपर_जवळ_आलाय
१४४ 😳

आणि ६ य शून्य क्ष घातलं तर ३६. म्हणजे मी काढलेलं उत्तर दोन्ही टोकांपेक्षा खाली?? हे काय आहे

वक्रबुद्धी
तू बजेट रेषेवरचा सगळ्यात वाईट बिंदू शोधून काढलास, अभिनंदन :D

कारण हा माणूस मिसळ... म्हणजे मिश्रण नावडणारा आहे, याला एकाच गोष्टीचा ध्यास लागतो, जितकं जास्त क्ष तितकं त्याला अजून क्ष हवं. याचे समवृत्ती वक्र बाहेरच्या बाजूला फुगलेले असतात. सरांच्या डोंगराच्या भाषेत, कुंपण समोच्च रेषेला घासतंय खरं पण कुंपणावरची ती सगळ्यात खालची जागा आहे. घासणं हे शिखरावर पण होतं आणि तळाला पण. म्हणून "स्पर्शबिंदू मिळाला, संपलं" असं लिहू नका, वक्र आरंभबिंदूकडे बहिर्वक्र (म्हणजे त्या बाजूला फुगलेला) आहे हे वाक्य पुस्तकात उगाच दिलेलं नसतं. परीक्षेत त्या एका वाक्याला मार्क असतो.

खडू_आणि_डस्टर
मार्काचं सोडा, पण मुद्दा खरा आहे. समानता ही खूण आहे, ती दिसली म्हणजे तपासणी संपत नाही. शेवटचं_नाणं यांनी सुरुवातीला जे परत करून बघितलं ना, एक नग सोडा त्या पैशात दुसरं घ्या आणि फायदा होतो का बघा, ती कसोटी या सगळ्या उदाहरणांत चालते, अगदी बुटांना सुद्धा. फक्त वर्गांच्या बेरजेसारख्या फलनाला एकेक पाऊल टाकून भागत नाही, टोकंही बघावी लागतात.

शंकासुर
परत आलो. मोजमापाचा प्रश्न सुटला पण दुसरा उरलाच. खरेदीला जाताना कोण असा हिशोब करतं? मी तर समोर दिसेल ते उचलतो, बायको म्हणते तुला पाठवणंच चूक. घरोघरी हेच असणार. लोक जर असे वागतच नसतील तर ही सगळी सिद्धांताची इमारत कोणासाठी?

खडू_आणि_डस्टर
दोन उत्तरं आहेत. एक सॅम्युएल्सनचं, १९३८ चं. तो म्हणाला की माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते सोडा, तो काय उचलतो ते बघा. ६-३ आणि ४-४ दोन्ही परवडत असताना त्याने ६-३ उचललं, तर त्याची आवड उघड झाली. उद्या किमती बदलल्या आणि तेव्हाही दोन्ही परवडत असताना त्याने ४-४ उचललं, तर तो स्वतःशी विसंगत वागला. एवढंच तपासायचं. विसंगती नसेल तर तो मनात गणित करत असो वा नसो, बाहेरून बघणाऱ्याला त्याचं वागणं गणित केल्यासारखंच दिसतं. उतारावरून धावत जाऊन चेंडू झेलणारा पोरगा समीकरण सोडवत नाही, तरी हात बरोबर तिथे पोचतो.

दुसरं उत्तर मला जास्त गंमतीचं वाटतं. गॅरी बेकरने १९६२ मध्ये तुमच्यासारखाच माणूस धरला (राग मानू नका), जो कसलाही विचार न करता बजेट रेषेवर कुठेही बोट ठेवतो. असे खूप लोक घ्या. कोणी सगळं क्ष घेईल, कोणी सगळं य, कोणी मधलं काहीतरी, रेषेवर सगळीकडे सारखेच पसरतील. त्यांची सरासरी कुठे येईल? रेषेच्या मध्यावर. आपल्या २४ नाण्यांत म्हणजे ६ क्ष आणि ३ य. आता य ची किंमत ४ वरून २ करा, रेषा य च्या बाजूला लांबते, मध्य सरकून ६ क्ष ६ य होतो. स्वस्त झालं आणि जास्त खपलं, मागणीचा नियम पाळला गेला, आणि गर्दीत एकानेही डोकं वापरलेलं नाही. किंमत आणि तुटपुंजे पैसे यांनीच ते करून घेतलं.

सरळमार्गी
थांबा थांबा थांबा. रेषेचा मध्य म्हणजे निम्मे पैसे इकडे निम्मे तिकडे!!! म्हणजे मी बरोबर होतो!

वक्रबुद्धी
तू नाही. डोकं न वापरणाऱ्या हजार जणांची सरासरी बरोबर होती.

सरळमार्गी
😂😂 चालेल, मी त्या हजारात आहे

शंकासुर
मी पण. बायकोला दाखवतो हे.

पेपर_जवळ_आलाय
सरांनी य ची किंमत २ केली ते वाचून मी मूळ तक्त्यावर तेच करून बघितलं आणि परत अडकलो. आता दोन्हीची किंमत २, नाणी २४, म्हणजे एकूण १२ नग येणार. मोठ्यातला मोठा आकडा उचलत गेलो: ६४, ५६, ४८, ४४, ४०, ३६, ३२, ३२, २८, २४, २४, २०. मोजले तर ७ क्ष आणि ५ य. पण सातव्या क्ष चे २० आहेत आणि पाचव्या य चे २४. समान नाही, कोपरा पण नाही, बूट पण नाहीत. आणि गंमत म्हणजे स्वस्त य झाला पण क्ष पण एकाने वाढला, ६ चा ७. कुठे चुकलो?

बाकावरची_शेवटची
क्ष वाढणारच की. आधी य वर १२ नाणी जात होती, आता पाच य घेऊन पण १० च गेली. वाचलेली २ कुठे जाणार? किंमत उतरली की हातात जरा जास्त पैसे आल्यासारखं होतं, त्याला उत्पन्न परिणाम म्हणतात, तो पुढच्या प्रकरणात येईल तुला.

शेवटचं_नाणं
आणि समान का नाही ते मी सांगत नाही. परत करून बघ.

पेपर_जवळ_आलाय
सातवा क्ष परत केला, २० गेले, सहावा य घेतला, १६ आले, तोटा. पाचवा य परत केला, २४ गेले, आठवा क्ष घेतला, १६ आले, तोटा. कुठूनही हललो तरी तोटाच.

ओके. अर्धा नग विकत मिळत नाही म्हणून आकडे अगदी समान होत नाहीत, पण हलायला जागाच नाही म्हणजे इथेच थांबायचं. एकूण २२४ अधिक २२४ म्हणजे ४४८. उपयोगिता समान आली पण पैसे १४ आणि १० गेले, @सरळमार्गी बघ, निम्मे नाहीत :P

सरळमार्गी
तू पण शिकलास लगेच टोमणे मारायला. पेपर कधी आहे?

पेपर_जवळ_आलाय
उद्या.